लेकरू परदेशी शिकायला निघाले. दुसऱ्या वर्षाची तजवीज केलीत का?

शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो. कापूस, सोयाबीन, कांदा विकला की हातात रक्कम येते आणि तिच्यावर पुढचा हंगाम काढायचा असतो. परदेशात शिकणाऱ्या मुलाचा खर्च मात्र दर महिन्याच्या एक तारखेला दारात उभा राहतो. खोलीचे भाडे द्यायचे, विम्याचा हप्ता भरायचा, जेवणखाण बघायचे. पाऊस लांबला म्हणून तिकडचा घरमालक थांबत नाही.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठांतून पदवी घेतलेली किंवा इंजिनिअर झालेली मुले-मुली आता पुढच्या शिक्षणासाठी परदेशाचा विचार करू लागली आहेत. मुलाने विषय काढला की वडील म्हणतात, "आम्हाला त्यातलं काय कळतं? तूच बघ बाबा." वाचकहो, इथेच पहिली गफलत होते. शिक्षणातले बारकावे मुलाला कळतात हे खरे. पण विहीर खणण्याआधी पाणी किती खोल, खडक किती, क्रेनचा खर्च किती हे आपण विचारतोच ना? हा हिशेबही तसाच आहे.

बाबासाहेबांनाही अर्ध्यावरून परतावे लागले

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले आणि पुढच्या वर्षी लंडनला प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना मायदेशी यावे लागले. नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्राने कर्ज दिले. मग १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी त्यांनी मिळवली.

एवढ्या मोठ्या विद्वानाचा अभ्यास बुद्धी कमी पडली म्हणून थांबला नव्हता, पैशाची मुदत संपली म्हणून थांबला होता. आपल्या मुलाचे शिक्षणही अडले तर बहुधा याच ठिकाणी अडेल. म्हणून जाण्याच्या खर्चाइतकाच पदवी हातात पडेपर्यंतच्या खर्चाचा विचार घरात झाला पाहिजे.

जर्मनीचा हिशेब

उदाहरणासाठी जर्मनी घेऊ. शेतीशास्त्र शिकायला तो चांगला देश आहे. स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइमची कृषी संस्था १८१८ साली तिथल्या राजाने काढली, तीच मुळी आदल्या दोन वर्षांच्या दुष्काळाने लोक हैराण झाले म्हणून. आज ते विद्यापीठ आहे. ग्योटिंगेन आणि बॉन येथेही शेतीचे शिक्षण मिळते. काही अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत असतात आणि पदव्युत्तर शिक्षण बहुधा दोन वर्षांचे असते.

तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. दर सहामाहीला थोडी वर्गणी भरावी लागते. मात्र याला अपवाद आहेत. होहेनहाइम ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. खासगी कॉलेजांची फी तर भरमसाट असते. तेव्हा "जर्मनीत फुकट असतं" एवढ्यावर विसंबू नका. कोणते विद्यापीठ, कोणते राज्य, ते विचारा.

फी नसली तरी पोट आहेच. व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावाने एक बंद खाते उघडून त्यात वर्षाचा खर्च आधी भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. युरोचा भाव १०० रुपये धरला तर हे जवळजवळ १२ लाख होतात. हा पैसा कुणाच्या घशात जात नाही. धरणाच्या कालव्याला आवर्तन सुटते तसा तो दरमहा ९९२ युरो असा मुलालाच मिळतो. पण एकदम सगळा मिळत नाही, आणि बारा महिन्यांत तळ लागतो.

खरी परीक्षा पुढे

व्हिसा देताना बहुधा पहिल्या वर्षाचा पैसा पाहतात. शिक्षण मात्र दोन वर्षांचे. राहण्याचा परवाना वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. पुष्कळ घरे पहिले १२ लाख कसेबसे उभे करतात आणि म्हणतात, "पुढचं तो तिकडं कमवेल."

कायद्याने विद्यार्थ्याला काम करता येते. मार्च २०२४ पासून जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. पण परवानगी म्हणजे नोकरी नव्हे. दुकानात, हॉटेलात काम मिळवायला जर्मन भाषा यावी लागते, आणि परीक्षेच्या महिन्यांत काम झेपत नाही. म्हणून मुलाची कमाई ही वरच्या पावसासारखी धरावी. आला तर चांगलाच, पण पेरणी त्याच्या भरवशावर करू नये. जाण्याआधी सहा-आठ महिने इथेच जर्मन शिकलेल्या मुलाला मात्र तिकडे काम मिळवणे सोपे जाते.

कर्ज आणि सातबारा

शैक्षणिक कर्ज काढायला गेलेल्या शेतकऱ्याला बँकेत धक्का बसतो. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका बहुधा तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला पुष्कळ बँका तयार नसतात. बँकांना तारणाची जप्ती करण्याचा अधिकार देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण. मग घर, बिगरशेती प्लॉट, ठेव पावती किंवा पगारदार जामीन विचारतात. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका असेल तर ती दाखवून दोन-तीन बँकांत चौकशी करा. एका बँकेचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार नव्हे.

बँक नाही म्हणाली की माणूस सावकाराकडे वळतो किंवा एखादा एकर काढतो. कृपा करून ही पायरी शेवटची ठेवा. आणि कर्ज मिळाले तरी एक गोष्ट ध्यानात असू द्या. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. २० लाख एकदम उचलले आणि दर शेकडा १० धरला, तर दोन वर्षांत सरळ व्याजच ४ लाख होते. जमेल तेवढे व्याज शिकतानाच भरत गेलात तर पुढचे ओझे हलके होते.

आधी शिष्यवृत्ती विचारा

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी आहे, तशीच ती भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठीही आहे. हे पुष्कळ शेतमजूर कुटुंबांना ठाऊकच नसते. आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजातील मुलांसाठी 'सारथी'मार्फत योजना आहे, इतर मागासवर्ग आणि आदिवासी मुलांसाठीही योजना आहेत. कोणत्याही जातीच्या गुणवान मुलाला युरोपची 'इरास्मस मुंडुस' किंवा जर्मनीची 'डाड' या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करता येतो. जागा थोड्या असतात, उत्पन्नाच्या, गुणांच्या अटी असतात, म्हणून त्या-त्या वर्षाची जाहिरात नीट वाचावी. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

वेळेचेही तसेच. जर्मनीतले मुख्य सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला किंवा त्याच्या बरीच आधी संपते. भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रे तपासून मिळणारा 'एपीएस' दाखला नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचा झाला, त्यालाही वेळ लागतो. तेव्हा आदल्या दिवाळीलाच तयारीला लागावे.

एजंटाच्या गोड बोलण्याला भुलू नका

काही खासगी कॉलेजे विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला कमिशन देतात. मग तो चांगल्या सरकारी विद्यापीठाचे नाव कशाला सांगेल? २०२३ साली कॅनडात पंजाबातल्या कितीतरी विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. ती एजंटाने दिली होती. मुलांवर देश सोडायची पाळी आली. प्रवेशपत्र आले की मुलाला स्वतः विद्यापीठाला पत्र घालून खात्री करायला सांगा. अनेक विद्यापीठांचे अर्ज मुलाला स्वतःच भरता येतात.

घराने एकत्र बसावे

मुलगी जायची म्हणाली तर "एवढ्या लांब कशी?" असा प्रश्न येतो. मुलालाही तोच प्रश्न लावा आणि दोघांनाही उत्तर एकच द्या. हिशेब बसत असेल तर जा, नसेल तर एक वर्ष थांबून नोकरी कर, भाषा शीक, पैसे साठव आणि मग जा. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. बाबासाहेब तर तीन वर्षांनी परत गेले होते.

आणखी एक करार घरात व्हावा. तिकडून फोनवर मुले "सगळं ठीक आहे" म्हणतात, आणि इकडून आईही गारपिटीची गोष्ट लपवते. दोघेही एकमेकांना जपतात आणि दोघेही अडचणीत येतात. महिन्यातून एकदा तरी खरे आकडे बोलावेत. खात्यात किती उरले, किती विषय सुटले, इकडे पीक कसे आहे.

एका वहीत चार रकाने आखा. पहिल्या वर्षाचा खर्च, दुसऱ्या वर्षाचा खर्च, पैसा कुठून येणार, आणि नोकरी सहा महिने उशिरा लागली तर काय. चौथा रकाना भरता आला की मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला निश्चिंत मनाने निरोप द्या.