शेवट पटला नाही, म्हणजे काय?

‘शेवट आवडला नाही’ आणि ‘शेवट पटला नाही’ ही दोन वाक्ये आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. पण ती एक नव्हेत. साहित्याच्या वर्गात हा फरक समजावून देताना मला अलीकडे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेचा फार उपयोग होतो.

एचबीओ वाहिनीवर २०११ पासून चाललेली ही मालिका १९ मे २०१९ रोजी संपली. आठ पर्वे, ७३ भाग. शेवटचे पर्व नव्याने लिहून चित्रित करावे अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी सह्या केल्या. त्याच पर्वाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. तेव्हा निर्मिती भिकार होती असे कोणी म्हणू शकत नाही. मग राग कशाचा?

डेनेरिस ही परागंदा राजकन्या. तीन ड्रॅगन आणि मुक्त केलेल्या गुलामांचे सैन्य घेऊन ती वडिलांचे सिंहासन परत मिळवायला निघते. राजधानी शरण येते, शरणागतीच्या घंटा वाजतात, आणि त्यानंतर ती सारे शहर माणसांसकट जाळून टाकते. तिचा प्रियकर जॉन तिला मारतो. राजा निवडला जातो तो ब्रॅन, पायांनी अधू असलेला द्रष्टा मुलगा.

हे अचानक घडले नाही, असे मालिकेची बाजू घेणारे म्हणतात. त्यांच्यापाशी पुरावे आहेत. तिने पूर्वी १६३ गुलाममालकांना खांबांवर खिळले होते. शरण न येणाऱ्या पितापुत्रांना जाळले होते. पण हे पुरावे नीट पाहावेत. प्रत्येक वेळी तिच्यापाशी कारण आहे: समोरचा अपराधी आहे किंवा झुकायला तयार नाही. याउलट, आपल्या ड्रॅगनने एक मूल मारले हे कळताच हीच बाई उरलेल्या दोन ड्रॅगनना साखळदंड घालते. अपराध्याला निर्दय शिक्षा देणे आणि शरण आलेल्या निरपराधांना जाळणे यांच्यामध्ये एक पायरी लागते. ती पायरी लेखकांनी दोन भागांत उरकली: सोबती गेला, दुसरा ड्रॅगन गेला, सखीचा शिरच्छेद झाला. दुःख झाले खरे. त्या दुःखातून हा संहार कसा निघाला, हे मात्र दिसले नाही.

नाट्यशास्त्रात पाच संधी सांगितले आहेत. शेवटचा निर्वहण. आरंभी पेरलेली आणि मध्यंतरी विखुरलेली बीजे त्यात एकत्र येतात. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात आणि विसरतात, कारण तिचा उपयोग कुठे करायचा हे आपण दाखवत नाही. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ घ्या. त्याने तर रामकथेचा शेवटच फिरवला. सीता भूमीत न जाता रामाला परत मिळते. सगळ्यांना ठाऊक असलेल्या कथेशी एवढे धाडस! तरी ते पटते. पहिल्या अंकात चित्रे पाहताना राम सीतेला सहज सांगतो की जृंभकास्त्रे पुढे तुझ्या संततीकडे जातील. पुढे लव तीच अस्त्रे सोडतो आणि राम चकित होतो. सातव्या अंकातील मिलनाची वाट अशी पहिल्या अंकातच आखलेली असते.

ब्रॅनच्या बाबतीत उलट झाले. तो राजा का? तर त्याच्याइतकी चांगली कथा कोणापाशी नाही, असे टिरियन सभेत सांगतो. हा ब्रॅन पाचव्या पर्वात एकदाही दिसत नाही! प्रेक्षक त्या युक्तिवादावर हसले, यात नवल ते काय. जॉर्ज मार्टिन यांच्या मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि मालिका पुढे निघून गेली, ही अडचण खरीच. पण आधी दहा-दहा भागांची पर्वे करणाऱ्यांनी शेवटचे पर्व सहा भागांत आटोपले.

पटण्याचा संबंध शेवट ‘स्पष्ट’ असण्याशी नाही. त्याच वाहिनीवरील ‘द सोप्रानोज’ १० जून २००७ रोजी संपली ती अशी: गुंडांचा म्होरक्या टोनी कुटुंबासह एका साध्या उपाहारगृहात बसला आहे, दाराची घंटा वाजते, तो वर पाहतो, आणि पडदा काळा होतो. आवाजही बंद. अनेकांना केबल गेली असे वाटले. लोक चिडले. पण टोनी मेला की जगला याचा शोध घेण्यासाठी ते मागचे भाग पुन्हा पाहू लागले, आणि त्यांना तिथे धागे सापडत गेले. त्या शेवटाची कीर्ती पुढे वाढत गेली. आवडला नाही, पण पटला, असे म्हणणारेही मी पाहिले आहेत.

वर्गात मी ‘शेवट बदलून लिहा’ हा नेहमीचा प्रश्न आता देत नाही. शेवट तोच ठेवा आणि तो पटावा म्हणून आधी कुठेतरी एकच प्रसंग घाला, असे सांगतो. एका विद्यार्थिनीने डेनेरिससाठी चार ओळींचा प्रसंग लिहिला होता: लहानपणी परक्या गावात घंटा वाजू लागल्या की भाऊ तिचा हात धरून पळत सुटतो.