लिंबावरची अळी आणि आंबोलीची राणी

एरवी मी तुमच्याशी बचत, कर्जाचा हप्ता आणि बँकेची कागदपत्रं यांबद्दल बोलते. आज मात्र फुलपाखरांबद्दल बोलणार आहे. हिला आज काय झालं, असं म्हणू नका. बोलता बोलता विषय आपल्या रोपवाटिकेपर्यंतच येणार आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसं आंबोलीला दोन दिवस राहून आलो. आमचं गाव गडहिंग्लज भागातलं. आमच्या शिवाराजवळून हिरण्यकेशी नदी वाहते आणि तिचा उगम आंबोलीला. सासूबाईंना तो उगम बघायचा होता, मुलांना धबधबा बघायचा होता आणि मला दोन दिवस चुलीपुढे उभं राहायचं नव्हतं. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, म्हणून खर्चही झेपला.

ज्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या घरच्या वहिनींनीच आम्हाला फुलपाखरांचा नाद लावला. पहिल्याच दिवशी माझी मुलगी पहाटे मोबाईल घेऊन फुलपाखरांचे फोटो काढायला निघाली. वहिनी म्हणाल्या, "बाळा, आत्ता धुक्यात काही दिसायचं नाही. नऊ वाजू देत, ऊन अंगावर येऊ दे, मग चला." त्याचं कारण असं, की फुलपाखराच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. सकाळी ते पानावर पंख पसरून ऊन खातं आणि अंग तापलं की मगच उडतं. म्हणून फुलपाखरं बघायची वेळ साधारण नऊ ते बारा. पाऊस सरला की रान हिरवं असतं, फुलं असतात, म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस फार चांगले.

नऊनंतर आम्ही उगमाच्या वाटेला लागलो. वाटेत एका ओल्या चिखलावर पंधरा-वीस फुलपाखरं दाटीनं बसली होती. मुलगा म्हणाला, "आई, फुलं सोडून ही घाण का खातात?" वहिनींनी समजावलं. फुलातल्या रसात गोडवा असतो, पण मीठ नसतं. ते मीठ ओल्या मातीतून मिळतं. चिखलावर बसणारी ही बहुतेक नरमंडळी असतात. मिळवलेलं मीठ ती मिलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे बाजार करून घरी आणून देतात की!" आमच्या मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या घोळक्यात एक मोठं फुलपाखरू होतं. काळेभोर पंख, त्यावर आकाशी निळा पट्टा आणि निळ्यात काळे ठिपके. त्याचं नाव ब्ल्यू मॉरमॉन. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात, नीलवंत असंही नाव आहे. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात. 2015 साली आपल्या महाराष्ट्रानं हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. राज्याचं फुलपाखरू ठरवणारं आपलं देशातलं पहिलं राज्य.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. वहिनींच्या परसात पपनसाचं झाड आहे. एक मोठं काळं फुलपाखरू त्याच्याभोवती घिरट्या घालत होतं. पानावर टेकायचं, पायांनी टपटप करायचं आणि पुढच्या पानावर जायचं. वहिनी म्हणाल्या, "ही मादी आहे. पायांनी चव घेऊन बघते, हे पान पोरांना चालेल का." फुलपाखराला चव पायांनीही कळते. कोणत्याही झाडावर ते अंडी घालत नाही. ज्याचा पाला अळीला चालतो, तेच झाड शोधतं. राणी पाकोळीला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात. रानात माकडलिंबू, परसात पपनस किंवा लिंबू.

सासूबाईंनी एक पान वर केलं. खाली मोहरीएवढं गोल अंडं होतं. शेजारच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशी तपकिरी-पांढरी बारकी अळी होती. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या नर्सरीतली!"

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या गटाची लिंबाची रोपवाटिका आहे. मागच्या वर्षी अळीनं रोपांचा पाला खाल्ला. पाच-सात पानांचं रोप एक अळी दोन-तीन दिवसांत बोडकं करते. आम्ही औषध मारलं आणि पोरांना अळ्या चिरडायला सांगितलं. माझ्याच मुलीनं डबाभर अळ्या गोळा करून दिल्या होत्या. तीच मुलगी आता माझ्याकडे बघत होती.

वहिनींनी सांगितलं, की लिंबावर दोन-तीन जातींच्या अळ्या येतात आणि दिसायला त्या बहिणी-बहिणी. आपल्याकडे जास्त असतं ते लिंबाचं फुलपाखरू, काळं आणि फिकट पिवळं. अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी निघते. लहानपणी विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी फसतो. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून तांबूस दोन शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. ती डसत नाही, घाबरवते फक्त. दोन-अडीच आठवडे खाऊन झालं की कमरेला दोरा बांधावा तशी काडीला टेकून कोष करते. आठ-दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू निघतं. थंडीत कधी जास्त दिवस लागतात.

घरी आल्यावर मी हा विषय गटाच्या बैठकीत काढला. आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "फुलपाखरं आपला हप्ता भरणार आहेत का?" त्यांचं चुकलं नव्हतं. त्या रोपांत सगळ्यांचा पैसा आहे. मी म्हटलं, रोपं वाचवायचीच. पण अळी मोठ्या झाडाला मारत नाही, लहान रोपाला मारते. मग तिची जागा बदलूया.

आता आम्ही एक दिवसाआड सकाळी पानं उलटून बघतो. अंडं किंवा अळी दिसली, की ते पान खुडून मागच्या जुन्या लिंबावर टाचणीनं टोचून ठेवतो. झाड मोठं आहे, थोडा पाला गेला तर त्याला कळतही नाही. तिथं पक्षी आणि गांधीलमाश्या बऱ्याच अळ्या खातात, त्यामुळे त्यांचा सुळसुळाट होत नाही. औषधाचा खर्च वाचला. महत्त्वाचं म्हणजे लिंबाच्या फुलावर येणाऱ्या मधमाश्या वाचल्या. फळ धरायला त्याच जास्त उपयोगी, आणि औषध मारताना ते माशी आणि अळी असा भेद करत नाही. हात लावायला वेळ जातो, हे मी लपवत नाही. पण तो वेळ आम्ही पाळीपाळीनं वाटून घेतला आहे.

तुम्हालाही बघायचं असेल, तर डोंगरावर जायलाच हवं असं नाही. बांधावरच्या रुईवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसेल. रुईचा चीक विषारी, पण ती तो पचवते आणि तिच्या भगव्या फुलपाखराच्या वाटेला पक्षी सहसा जात नाहीत. कढीपत्त्यावर लिंबाच्याच अळ्या येतात. कण्हेरीखाली चांदीसारखा चमकणारा कोष लटकलेला सापडेल. रात्री दिव्यावर येतात ते बहुतेक पतंग. फुलपाखराच्या मिशांची टोकं गाठीसारखी जाड असतात, पतंगाची तशी नसतात. एक करा, फुलपाखराला चिमटीत धरू नका. बोटाला लागते ती पूड म्हणजे पंखावरचे बारीक खवले. कौलं उडालेल्या छपरासारखी त्याची गत होते.

मागच्या महिन्यात जुन्या लिंबावरचा एक कोष फुटला. मुलीनं मला हाक मारली, "आई, ये लवकर." हातातलं कणकेचं ताट ठेवून मी गेले. पंख वाळेपर्यंत आम्ही दोघी आणि सासूबाई तिथंच उभ्या होतो. चपात्यांना उशीर झाला, पण कुणी काही बोललं नाही.

उद्या सकाळी आपल्या लिंबाचं एक पान उलटून बघा, मैत्रिणींनो. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा. येते मी.