गाठ तीच, ग्रेड वेगळी

मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून सातारा-सांगलीकडचा माणूस आजार हाताबाहेर गेला की मिरजेची वाट धरतो. मेंदूची शस्त्रक्रिया मात्र फार उशिरा आपल्या टप्प्यात आली. डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने 1950च्या दशकात मुंबईत ती रुजवली. पुढे कितीतरी वर्षं माण-खटावच्या, जतच्या पेशंटला मुंबई नाही तर पुणं गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 1984 ला कऱ्हाडात कृष्णा मेडिकल कॉलेज निघालं, हळूहळू एमआरआय आला, आणि आज महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे (पूर्वीची जीवनदायी) साध्या शेतकरी घरातली बाईसुद्धा डोक्याचं ऑपरेशन करून महिनाभरात घरी हिंडूफिरू लागते.

अशा ऑपरेशनांत मेनिंजिओमा नेहमीचा. ही गाठ मेंदूच्या आत नव्हे, त्याच्या आवरणातून उगवते. सावकाश वाढते म्हणून लक्षणंही चोरपावलांनी येतात. कपाळामागे, नाकाच्या वरच्या बाजूला गाठ असेल तर वास जातो. चुलीवरचं दूध करपलं तरी पत्ता लागत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. नजर अधू झाली की चष्म्याचा नंबर बदलला जातो. निदान होईपर्यंत गाठ लिंबाएवढी झालेली असते.

‘कॅन्सर नाही’ हे ऐकून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. शंभरातल्या साधारण ऐंशी गाठी ग्रेड 1 च्या, म्हणजे सौम्य. पण उरलेल्यांचं काय, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. बोस्टनच्या हार्वे कुशिंगने 1922 मध्ये या गाठीला मेनिंजिओमा हे नाव दिलं. त्याचा सर्वांत नावाजलेला पेशंट जनरल लेनर्ड वुड. कुशिंगने 1910 मध्ये त्याची गाठ काढली, तो कामावर परतला, फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरलही झाला. गाठ पुन्हा वाढली आणि 1927 च्या ऑपरेशननंतर तो गेला. डोनाल्ड सिम्प्सनने 1957 मध्ये दाखवून दिलं की गाठ किती काढली यावर ती परतणं अवलंबून असतं. आवरण आणि हाडासकट निघाली तर उत्तम, तुकडा राहिला तर धोका.

पण पूर्ण काढलेल्याही काही परतत होत्या. मग नजर पेशींकडे वळली. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात, मधेमधे चुन्याचे बारीक गोल खडे. पॅथॉलॉजिस्ट सर्वांत जास्त विभाजन दिसेल ती जागा शोधतो आणि मोठ्या भिंगाखालच्या लगतच्या दहा क्षेत्रांत दुभंगणाऱ्या पेशी मोजतो. 2000 सालापासून चार किंवा जास्त म्हणजे ग्रेड 2, वीस किंवा जास्त म्हणजे ग्रेड 3. हा काटा लागू झाला तसं पूर्वी शंभरात पाच-सात असणारं ग्रेड 2 चं प्रमाण विसापर्यंत चढलं. गाठी बिघडल्या नव्हत्या, मोजणी बदलली होती. 2016 मध्ये गाठ मेंदूत घुसलेली असणं एवढं एकच लक्षण ग्रेड 2 साठी पुरेसं ठरलं. 2021 मध्ये तर पेशी सौम्य दिसल्या तरी टर्ट जनुकातला ठरावीक बदल सापडला की थेट ग्रेड 3.

ऑपरेशनआधीही अंदाज बांधता येतो. ही गाठ बायकांत दुपटीने आढळते, पण पुरुषाला झाली तर वरच्या ग्रेडची शक्यता जास्त. डोक्याच्या माथ्याकडची, मधल्या पडद्यालगतची गाठ कवटीच्या तळाच्या गाठीपेक्षा अधिक संशयाची. एमआरआयवर वेडीवाकडी कड आणि भोवती बरीच सूज दिसली की सर्जन सावध होतो.

गाठ मुळात कशामुळे होते, याचं सर्वांत ठोस उत्तर इस्रायलमधून आलं. तिथे 1950च्या सुमारास डोक्यातल्या गजकर्णासाठी सुमारे अकरा हजार मुलांना क्ष-किरण दिले गेले. पुढे त्यांच्यात मेनिंजिओमाचं प्रमाण साडेनऊ पट निघालं. मार्च 2024 मध्ये फ्रान्सच्या अभ्यासाने मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाकडे बोट दाखवलं: वर्षाहून जास्त वापरात धोका 5.6 पट. आपल्या सरकारी दवाखान्यांत 2017 पासून मिळणारं ‘अंतरा’ हेच औषध. मुळात ही गाठ दुर्मीळ, त्यामुळे कुणी घाबरून इंजेक्शन सोडू नये. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्या बाईची डोकेदुखी आशाताईंनी नुसती गोळी देऊन टाळू नये, असं मला कळकळीने वाटतं.

माझा खरा आग्रह रिपोर्टबद्दल आहे. जुन्या कागदांवर नुसतं ‘मेनिंजिओमा’ लिहिलेलं असतं, ग्रेडचा पत्ता नाही. गाठीचा तुकडा बसवलेला पॅराफिनचा ब्लॉक जपला असेल तर तो आजच्या नियमांनी पुन्हा वाचता येतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत हे विचारून घ्यावं. ग्रेड 1 असेल तर पहिली पाच वर्षं दरवर्षी एमआरआय, ग्रेड 2 ला दर सहा महिन्यांनी, ग्रेड 3 ला तीन ते सहा महिन्यांनी. ऊसतोडीचा हंगाम लागला की हीच तारीख सर्वांत आधी चुकते.