डुकरिणींची भांडणे आणि पोटातील पिले

एकमेकींना अनोळखी अशा पाच-सहा डुकरिणी एका आवारात सोडल्या, तर काय होते? प्रथम त्या एकमेकींचा वास घेतात. मग खांद्याला खांदा भिडवून ढकलाढकली सुरू होते. माना व कान चावले जातात. एक-दोन दिवसांत भांडणे ओसरतात, कारण तोवर कोण वरचढ व कोण दुय्यम हे ठरलेले असते. पुढे वरचढ मादी नुसती जवळ आली, तरी दुय्यम मादी बाजूला सरकते.

मग काळजी कशाची? पोटातल्या पिलांची! डुकरीण फळल्यापासून सुमारे ११४ दिवसांनी विते. परंतु सुरुवातीला गर्भ गर्भाशयात मोकळेच असतात. साधारण तेराव्या-चौदाव्या दिवसापासून ते त्याच्या भिंतीला चिकटू लागतात आणि ही जोडणी पक्की होईपर्यंत चौथा आठवडा उजाडतो. त्याआधी, बाराव्या दिवसाच्या सुमारास, गर्भ आईच्या शरीराला आपल्या अस्तित्वाचा रासायनिक निरोप देतात. त्या वेळी निदान चार गर्भ नसतील, तर बहुधा गाभण राहत नाही व मादी पुन्हा माजावर येते.

या नाजूक काळात भांडणे झाली, तर ताणामुळे रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ताण लांबला, तर प्रजननाच्या संप्रेरकांचे कार्य बिघडू शकते. शिवाय गाभण मादीला खुराक मोजूनच देतात. त्यातला दुय्यम मादीचा वाटा वरचढ मादी हिरावून घेते.

यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येक मादीला स्वतंत्र लोखंडी पिंजरा. त्यात भांडणे थांबली, पण मादीला वळणेही अशक्य झाले! म्हणून ब्रिटनने १९९९ मध्ये असे पिंजरे बंद केले. युरोपीय संघात १ जानेवारी २०१३ पासून, फळल्यानंतरच्या चार आठवड्यांपासून विण्याच्या एक आठवडा आधीपर्यंत, माद्यांना गटातच ठेवावे लागते. हे पहिले चार आठवडे म्हणजे गर्भ पक्के होण्याचाच काळ, हे ध्यानात घ्या.

म्हणून जाणता वराहपालक पिले तुटताच, म्हणजे फळण्यापूर्वीच, माद्या एकत्र करतो. नाहीतर चार आठवडे थांबतो. तो पळायला ऐसपैस जागा, आडोशाला भिंती आणि चघळायला पेंढा देतो. काही ठिकाणी कानातला बिल्ला ओळखून एकेका मादीला खुराक देणारी यंत्रे असतात. भांडण पुरते टाळता येत नाही. पण ते केव्हा व्हावे, हे माणसाला ठरवता येते.