जुनी पिकअप ओढत नाही? आधी हवा बघा
सेकंडहँड डिझेल पिकअप घाटात दम टाकते, ॲव्हरेजही देत नाही म्हटलं, की लोक थेट इंजेक्टर खोलायला सांगतात. थांबा! आधी टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज नीट बघा. क्लिपपाशी ताजं तेल पाझरलेलं दिसलं आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आला, तर बहुधा दाबाची हवा तिथूनच निसटतेय. मग चढावर काळा धूर येतो, कारण डिझेल जाळायला हवाच पुरत नाही. होज बदलणं इंजेक्टरच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त. एअर फिल्टरही काढून बघाच. फेरी मारून आल्यावर एखादंच चाक जास्त तापलं असेल, तर ब्रेक धरतोय. आणि टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील, तर मीटरवर किलोमीटर कमी पडतात, त्यामुळे ॲव्हरेज आहे त्याहून कमी दिसतं.