ऐकून घेणारे कोणी

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे जत्रा भरते. तेथील जनावरांच्या बाजारात बैलाचे दात, खूर आणि चाल चारचौघांत तपासली जाते, त्याचे गुणदोष मोठ्याने बोलले जातात. त्याच परिसरातील एखाद्या घरात बाईच्या अंगावर उठलेल्या वळांविषयी मात्र कोणी बोलत नाही. घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये, ही शिकवण तिला माहेरीच मिळालेली असते.

गोष्ट बाहेर गेलीच, तर ती जाणत्यांच्या बैठकीपुढे जाते. सासरची मंडळी, भाऊ, गावातील वडीलधारे यांच्या समोर तिला विचारले जाते, ‘तुझे काय चुकले?’ मग दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावून तिची पाठवणी होते. याला समजूत काढणे म्हणतात. म्हणूनच ‘समुपदेशनाला जा’ असे कोणी सांगितले, की तीच बैठक आता सरकारी खोलीत भरणार, अशी धास्ती तिला वाटते. ती निराधार नाही. पण खरे समुपदेशन हे त्या बैठकीहून अगदी वेगळे आहे.

महाराष्ट्रात या कामाला चार दशकांची परंपरा आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साहाय्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या स्त्रीला तेथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी, हा त्यामागील विचार होता. पुढे असे कक्ष राज्याच्या अन्य जिल्ह्यांतही निघाले.

समोरासमोरच्या पहिल्या भेटीत काय घडावे? स्त्रीशी एकटीशी बोलणे व्हावे. सोबत आलेला दीर किंवा भाऊ बाहेर बसावा. सगळी हकिगत एकाच दिवशी, क्रमवार सांगण्याची सक्ती नसते. भ्यालेल्या मनाला तारखा आठवत नाहीत, मधले दुवे निसटतात, कधी नुसते रडू येते. त्यामुळे तिचे म्हणणे खोटे ठरत नाही. ‘तू गप्प का राहिलीस?’ असे समुपदेशिकेने विचारू नये. आज घरी परतणे सुरक्षित आहे काय, मुले कोठे आहेत, जखमांवर उपचार झाले काय, हे मात्र तिने आधी विचारले पाहिजे. त्यानंतर तिने मार्ग समोर ठेवावेत आणि निवड त्या स्त्रीवर सोपवावी. एका भेटीत दुःख सरत नाही. कित्येकदा बोलून आल्यावर रात्र अधिक जड जाते. हेही तिला आधी सांगितलेले बरे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. त्याखाली न्यायदंडाधिकारी दोघांना, एकत्र किंवा वेगवेगळे, समुपदेशनास पाठवू शकतात. त्याच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. वादाशी हितसंबंध असलेली किंवा कोणत्याही पक्षाची नातलग असलेली व्यक्ती, सर्व पक्षांनी लेखी हरकत सोडल्याशिवाय, समुपदेशक होऊ शकत नाही. आणि समुपदेशनात पतीला मारहाणीचे समर्थन करता येत नाही; ही अट त्याला प्रारंभीच सांगावी लागते. हिंसा पुन्हा होणार नाही, याची हमी मिळवणे हा त्या बैठकीचा हेतू आहे. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे वाक्य गावच्या बैठकीत खपते, येथे खपू नये. स्त्री माहेरी आश्रयाला असली, तरी तेथील न्यायालयात तिला अर्ज करता येतो. वकिलासाठी तिला विधी सेवा समितीकडून विनामूल्य साहाय्य मिळू शकते.

गुप्ततेला मात्र एक मर्यादा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन समुपदेशिकेइतकेच शिक्षकावरही आहे. म्हणून विद्यार्थिनीने विश्वासाने तोंड उघडले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन गुरुजींनी देऊ नये. शांतपणे ऐकावे, तिला दोष देऊ नये, आणि पुढे काय करावे लागेल ते तिला समजेल अशा शब्दांत सांगावे.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवरून तालुक्याला यायचे, तर बाईचा दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि एस.टी.त ओळखीचे कोणीतरी विचारतेच, ‘कुठे निघालीस?’ एवढे सोसून ती कचेरीच्या दाराशी पोचते, तेव्हा तेथील कारकुनाचा पहिला शब्दही समुपदेशनाचाच भाग असतो. ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे त्याच्या लेखी रोजचे उत्तर असेल. तिच्यासाठी तो उद्या कदाचित उगवणारच नाही. तिला बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि आत नेणारे माणूस मिळाले, तर निम्मी वाट तेथेच सरते.