संवेदनशील इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी स्थिरविद्युत-प्रतिबंधक वेष्टनाची निवड : डहाणू-तलासरी परिसरातील भूकंपमापकांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : स्थिर विद्युत, वेष्टन, आर्द्रता, भूकंपमापक, डहाणू, तलासरी

प्रस्तावना :

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता ४ हून अधिक होती. धुंदलवाडी व आसपासच्या पाड्यांवरील घरांना तडे गेले आणि अनेक आदिवासी कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. या धक्क्यांच्या अभ्यासासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापके बसविली.

भूकंपाचे केंद्र व खोली निश्चित करण्यासाठी अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. एक उपकरण बंद पडले तरी निष्कर्षातील अचूकता घटते आणि होऊन गेलेला धक्का पुन्हा नोंदविता येत नाही. अशा उपकरणातील संवेदक, अंकीय नोंदयंत्र व जीपीएस ग्राहक यांची इलेक्ट्रॉनिक पट्टे दुरुस्तीसाठी रेल्वेने वा महामार्गाने दूरवर न्यावी लागतात. या प्रवासात त्यांचे रक्षण वेष्टनावर अवलंबून असते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील उपकरणांनाही हे विवेचन तितकेच लागू पडते.

समस्येचे स्वरूप :

दोन पदार्थ एकमेकांना स्पर्शून वा घासून विलग झाले की त्यांवर विद्युतप्रभार साठतो. अंगाला बसणारा झटका माणसाला साधारणतः ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. अनेक इलेक्ट्रॉनिक घटक मात्र १०० व्होल्टहून कमी दाबानेही निकामी होऊ शकतात. म्हणजेच हाताळणाऱ्याला काहीही न जाणवता घटकाचे नुकसान होते. याहून गंभीर प्रकार सुप्त दोषाचा. अशा वेळी घटक पूर्णतः जळत नाही, केवळ दुर्बल होतो. तपासणीत तो योग्य ठरतो व काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, प्रत्यक्ष कार्यस्थळी, बंद पडतो. तेव्हा दोषाचे मूळ वेष्टनात होते हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दमट हवेविषयीचा गैरसमज :

किनारपट्टीची हवा दमट असल्याने येथे स्थिर विद्युतेचा धोका नाही, असा समज आढळतो. तो अर्धसत्य आहे. गालिच्यावरून चालताना १० ते २५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत शरीरावर सुमारे ३५,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत तो सुमारे १,५०० व्होल्टपर्यंत उतरतो. परंतु १०० व्होल्ट सहन न करणाऱ्या घटकासाठी १,५०० व्होल्टही घातकच होत. शिवाय हिवाळ्यातील दुपारी जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याने हवा कोरडी होते आणि वातानुकूलित खोलीतील हवा बाहेरच्यासारखी दमट राहत नाही. उलटपक्षी, पावसाळ्यातील आर्द्रता व समुद्राकडील क्षारयुक्त हवा यांमुळे धातूच्या जोडण्या गंजण्याचा स्वतंत्र धोका उद्भवतो. सबब या परिसरात वेष्टनाने दोन्ही संकटांचा विचार करणे आवश्यक ठरते.

वेष्टनाचे प्रकार :

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ज्यांचा पृष्ठरोध १०,००० ओहमपेक्षा कमी ते वाहक, १०,००० ते १०० अब्ज ओहम या दरम्यानचे प्रभार-विसर्जक आणि त्याहून अधिक रोधाचे ते विसंवाहक मानले जातात. साधे प्लॅस्टिक व थर्माकोल हे अखेरच्या गटातील असल्याने ते थेट पट्टाला लागू देऊ नयेत.

१) गुलाबी पिशवी : ही स्वतः फारसा प्रभार निर्माण करीत नाही. तिच्या पृष्ठभागावरील रसायन हवेतील ओलावा धरते व त्यायोगे प्रभार पसरतो. कोरड्या हवेत तिचा गुण घटतो, तसेच कालांतराने रसायन ओसरते. बाहेरील विद्युतक्षेत्रापासून ती संरक्षण देत नाही. स्क्रू, माहितीपुस्तिका इत्यादी पूरक वस्तूंसाठी ती योग्य होय.

२) काळी, कार्बनयुक्त पिशवी वा फोम : हे वाहक असते. घटकाच्या पिना एकाच विभवावर ठेवण्यास ते उपयुक्त आहे. मात्र पट्टावर घड्याळाची लहान बॅटरी असल्यास ती वाहक पृष्ठभागातून रिकामी होण्याची शक्यता असते.

३) धातुलेपित कवच-पिशवी : आतील व बाहेरील प्रभार-विसर्जक थरांमध्ये धातूचा अतिपातळ थर असतो. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली दाखविलेल्या पिंजऱ्याच्या तत्त्वावर ती बाह्य प्रभार आत पोहोचू देत नाही. पिशवीचे तोंड पूर्ण बंद असेल तरच हे संरक्षण मिळते. चुरगळलेली, छिद्र पडलेली वा स्टेपल केलेली पिशवी विश्वासार्ह नसते.

४) आर्द्रतारोधक पिशवी : ही जाड व अपारदर्शक असते. आत आर्द्रताशोषक पुडी व आर्द्रतादर्शक कार्ड ठेवून ती उष्णतेने सीलबंद करतात. डाख न दिलेल्या सुट्या घटकांसाठी ती विशेष महत्त्वाची आहे. आर्द्रता-संवेदनेच्या तिसऱ्या पातळीवरील घटक पिशवी उघडल्यानंतर ३० अंश सेल्सिअस व ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तासच बाहेर राहू शकतो. पावसाळ्यात डहाणूच्या मोकळ्या हवेत आर्द्रता या मर्यादेपलीकडे जात असल्याने ही मुदत आणखी आखडते.

निवडीचे निकष :

वेष्टनाचा रंग पाहून निवड करणे चुकीचे आहे. वेष्टन स्वतः प्रभार निर्माण करते काय, बाहेरील प्रभार अडविते काय आणि ओलावा रोखते काय, हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. दुरुस्तीस जाणाऱ्या भूकंपमापकाच्या पट्टासाठी तिन्ही गुण लागतात. म्हणून प्रथम धातुलेपित कवच-पिशवी, पावसाळ्यात तिच्याबाहेर शोषक पुडीसह आर्द्रतारोधक पिशवी, त्यावर धक्के शोषणारे प्रभार-विसर्जक आवरण व शेवटी खोका, असा क्रम असावा. पट्ट काढताना व भरताना मनगटाला १ मेगओहम रोध असलेला भूसंपर्क पट्टा बांधावा, अन्यथा उत्तम पिशवीत आधीच दुखावलेला पट्ट बंद केला जाईल.

समारोप :

उपकरणाच्या तुलनेत पिशवीची किंमत नगण्य असते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु डहाणू-तलासरीसारख्या भागात अचूक नोंदींवर धोक्याचे मूल्यमापन व घरबांधणीविषयीचे निर्णय अवलंबून असतात. तेथे योग्य वेष्टन हा शास्त्रीय निरीक्षणाचाच एक भाग मानला जावा. महाविद्यालयांनी भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकांत त्याचा समावेश केल्यास ही दक्षता विद्यार्थिदशेतच अंगी बाणेल.